नावं वर सरकताना काय वाजावं?

काका,

गेल्या शिमग्याला मी आणि माझ्या चुलतभावाने आमच्या वाडीच्या पालखीचं शूटिंग केलं. दोन मोबाइल, पाच दिवस. रूपं लागण्यापासून, म्हणजे पालखीत देवाचे मुखवटे बसवण्यापासून, पालखी परत देवळात जाईपर्यंत सगळं आहे. कापून-छाटून ३६ मिनिटांची फिल्म झाली आहे. गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हा सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, पडदा लावून दाखवायची आणि मग यूट्यूबवर टाकायची असं ठरलंय. घोडं अडलंय शेवटच्या नावांपाशी. ९४ नावं आहेत आणि त्यांच्याखाली काय वाजवायचं यावरून घरात तीन पक्ष पडलेत. भावाला गाव सोडून जाण्याबद्दलचं एक गाजलेलं हिंदी सिनेमाचं गाणं हवंय. तो म्हणतो, बाया रडल्या पाहिजेत. मोठे काका म्हणतात नाट्यगीत लावा, आपल्या वाडीला नाटकाचं वेड आहे. मला नेटवर सापडलेला एक संथ पियानो आवडलाय, त्यावर ‘रॉयल्टी फ्री’ असं लिहिलंय. भावाचं गाणं लावून फिल्म यूट्यूबवर खासगी ठेवून बघितली, तर लगेच कॉपीराइटचा क्लेम आला. तो म्हणतो, ३० सेकंद चालतात. चालतात का? आणि अभंग घेतला तर? तुकोबा थोडेच क्लेम करणार आहेत!

ता. क. शेवटच्या रात्री भजन आटोपल्यावर आमचे पखवाजवाले आजोबा पखवाजाला थापलेली कणीक काढता काढता काहीतरी गुणगुणत होते. सत्तर सेकंदांचा तुकडा आहे, पण अंधार आणि हात हललेला, म्हणून फिल्ममध्ये घेतला नाही. मोबाइल भरलाय, तेव्हा असे उरलेले तुकडे आता पुसून टाकणार आहे. ठीक ना?

– एक चाकरमानी मुलगी, नालासोपारा

अगं पोरी, आधी एक काम कर. मोबाइलमधलं काहीही पुसू नकोस. का ते ओघात येईलच.

आता नावांकडे वळू. थिएटरात नावं सुरू झाली की दिवे लागतात. लोक खुर्चीखाली पाण्याची बाटली शोधतात, पार्किंगमधून गाडी आधी कुणाची निघते याची शर्यत लागते. टीव्हीवर तर नावांची चिंधी करून कोपऱ्यात टाकतात आणि बाजूला पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. आपल्याकडे कितीतरी वर्षं नावं सुरुवातीलाच यायची, शेवटी फक्त ‘समाप्त’ची पाटी आणि मोकळं. हल्ली शेवटी दणदणीत गाणं टाकतात ते उठलेल्या माणसाला दोन मिनिटं रोखायला, नाहीतर गाणंच विकायला. तू आणि तुझा भाऊ नकळत त्याच नमुन्यावर विचार करताय, म्हणून ‘कुठलं गाणं?’ हा प्रश्न पडलाय.

पण सहाणेवर नेमकं उलटं होणार आहे. ३६ मिनिटांत पोरं दोनदा उठतील, म्हाताऱ्या पेंगतील, मागे कुणीतरी पावसाचा आणि भाताचा विषय काढेल. नावं सुरू झाली की मात्र एक माणूस हलणार नाही. प्रत्येक जण आपलं, नाहीतर आपल्या पोराचं नाव यायची वाट बघत बसेल. नाव आलं की शिट्टी. ‘आला रे आला’ असा ओरडा. शेजारी बसलेल्या आजीला नातू मोठ्याने वाचून दाखवणार, आजी ‘खंय, खंय’ करेपर्यंत ते नाव वर गेलेलं असणार. हौशी फिल्ममध्ये सगळ्यात लक्ष देऊन बघितला जाणारा दीड मिनिट तो हाच. तिथे जे काही वाजेल ते या गलक्याच्या खालून वाजायचंय, त्याला वर चढून गाजायचं नाही.

हे मला एका वाढपी बाईंनी शिकवलं. खूप वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थी मेळाव्याची फिल्म मी हौसेने जोडून दिली होती. आवाज जुळवणं हा माझा धंदाच, त्यामुळे गुर्मी होती. गाणं आधी निवडलं, छान चढत जाणारं. नावं नंतर येत राहिली, अगदी शेवटच्या दुपारी अकरा आली. मी ती खाली चिकटवली आणि गाणं होतं तेवढंच ठेवलं. हॉलमध्ये गाणं झोकात संपलं, टाळ्या पडल्या, लोक जेवायला उठले, आणि उरलेली अकरा नावं मुक्याने वर सरकत राहिली. ती नेमकी पंगतीचा स्वयंपाक केलेल्या बायकांची होती. मी पानावर बसलो तेव्हा त्यांतल्याच एक आमटी घेऊन आल्या. वाढता वाढता म्हणाल्या, “साहेब, आमच्या वेळेला बाजा का हो बंद पडला?” मला काही उत्तर सुचलं नाही. त्यानंतर मी नावं मोजल्याशिवाय गाण्याला हात लावलेला नाही.

तर मोजूया. ९४ नावं, त्यात ‘मानकरी’, ‘ढोल-ताशा’, ‘भजन मंडळ’, ‘जेवणखाण’ अशी चौदाएक शीर्षकं धर. एकूण १०८ ओळी झाल्या. एका ओळीला मोकळी जागा धरून ६४ पिक्सेल दिले, तर ६,९१२ पिक्सेलची पट्टी होते. पहिली ओळ खालून आत येण्यापासून शेवटची वरून बाहेर जाईपर्यंत अजून एक पडदाभर अंतर लागतं, म्हणजे नेहमीच्या एचडी पडद्याच्या उंचीचे १,०८० पिक्सेल. बेरीज ७,९९२. मोबाइलचं शूटिंग बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचं असतं. एका फ्रेमला ३ पिक्सेल या वेगाने पट्टी सरकवली तर २,६६४ फ्रेम, म्हणजे ८९ सेकंद. प्रत्येक नाव पडद्यावर १२ सेकंद राहतं, आजीच्या ‘खंय’ला एवढं पुरतं. वेग पूर्णांकातच ठेव, अडीच-साडेतीन असा ठेवलास की अक्षरं थरथरतात आणि मग सगळे प्रोजेक्टरवाल्याच्या नावाने बोटं मोडतात. तुझ्या शीर्षकांचा आणि अक्षरांचा आकार वेगळा असेल तर आकडा बदलेल, हिशेब हाच.

म्हणजे तुला गाणं शोधायचं नाहीच आहे. तुला ८९ सेकंद भरायचे आहेत.

भावाच्या गाण्याला माझे दोन आक्षेप आहेत आणि कायद्याचा तिसरा. पहिला साधा आहे. माणूस एकाच वेळी नावं वाचतो आणि गाण्याचे शब्द ऐकतो हे होत नाही. शब्द ओळखीचे असतील तर डोळे पडद्यावर राहतात आणि मन गाण्याबरोबर जातं, नावं नुसती हलणारी नक्षी होते. दुसरा जरा टोचेल. गाव सोडून जाण्याचं दुःख कुणाचं? तुझं, भावाचं, माझंही; रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसून डोळे पुसणाऱ्या सगळ्या चाकरमान्यांचं. पण तुझी ३६ मिनिटं पालखीची आहेत. पालखी नाचवणारे, ओटी भरायला दारात ताटकळणाऱ्या बाया, देवळाची किल्ली सांभाळणारा गुरव, यांतले निम्मे कुठेही जात नाहीत. त्यांची नावं वर सरकत असताना तू आपल्या रडण्याचं गाणं लावणार, तर शेवटच्या दीड मिनिटात फिल्म त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल. भावाला हे सौम्य शब्दांत सांग. बाया तशाही रडतील, त्यांना स्वतःचं नाव पडद्यावर दिसलेलं पुरे आहे.

आता ते ३० सेकंद. असा नियम कुठेही नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अभ्यास, समीक्षा, बातमी अशा कामांपुरता ‘रास्त वापर’ आहे, पण त्यात सेकंद मोजलेले नाहीत, आणि श्रेयनामावलीची शोभा वाढवणं हे त्यांतलं कुठलंच काम नव्हे. यूट्यूबचं यंत्र काही सेकंदांतही गाणं ओळखतं. तुला आला तो क्लेम म्हणजे शिक्षा नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेव. गाण्याचा मालक त्यावर जाहिराती लावून पैसे घेऊ शकतो, व्हिडिओ अडवू शकतो, किंवा नुसती नोंद ठेवू शकतो. स्ट्राइक ही वेगळी गोष्ट, मालकाने व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केली की तो लागतो, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जाऊ शकतं. ‘गावात गाण्यासकट दाखवू, नेटवर दुसरं लावू’ असा तोडगा भाऊ सुचवेलच. नको. दोन आवृत्त्या केल्यास की त्यातली चुकीचीच व्हॉट्सॲपवर फिरते, हा माझा अनुभव आहे.

तुकोबांचं म्हणशील तर शब्द मोकळे आहेत, कुणाच्या बापाचे नाहीत. पण गाण्याला एक नव्हे, तीन मालक असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. रेडिओवर, कॅसेटवर ऐकून तुझ्या-माझ्या तोंडात बसलेले अभंग बहुतेक गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या संगीतकारांच्या चालींतले आहेत. त्या चाली त्यांच्या हयातीनंतर ६० वर्षं राखीव असतात. रेकॉर्डिंग प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं राखीव असतं. वारीच्या वाटेवर, सप्ताहात, भजनात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल असेल तर ती कुणाची नाही. म्हणजे अभंग घे, पण चाल कुठून आली ते विचारून घे.

हाच हिशेब मोठ्या काकांना लावला तर गंमत होते. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाची सूचना कायद्याने सगळ्यात सोवळी निघते. ‘मानापमान’ हे संगीत नाटक १९११चं. पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली. त्यात ६० मिळव. २०१६च्या १ जानेवारीपासून टेंब्यांच्या त्या चालीही सगळ्यांच्या झाल्या. ‘स्वयंवर’च्या चाली देणारे भास्करबुवा बखले तर १९२२ सालीच गेले. तुमच्या वाडीत भजन आहे म्हणजे पेटी आहे, पेटी आहे म्हणजे एखादं नाट्यपद बोटांत असलेला माणूस असणारच. त्याने वाजवलं, तू मोबाइलवर टिपलंस, त्याने हो म्हटलं, की झालं. मात्र काकांनी एखाद्या मोठ्या गायकाचं गाजलेलं ध्वनिमुद्रण पुढे केलं तर थांब. पद मोकळं असेल, पण १९७० साली बाजारात आलेलं रेकॉर्डिंग २०३०च्या डिसेंबरपर्यंत बांधलेलं आहे. लाखेच्या तबकडीच्या जमान्यातलं असेल तर मुदत बहुधा संपलेली असते, तरी एखाद्या कंपनीने ते नव्याने चढवलेलं असलं की यंत्र क्लेम ठोकतं. यंत्राला साल कळत नाही. हरकत घेता येते, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आणि तोवर गणपती गावाला गेलेले असतात.

तुझ्या पियानोचं बोलतो, रागावू नकोस. ‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा परवाना घेतला की दर वापराला पैसे नाहीत, एवढाच अर्थ. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असेल तर त्यापुढची अक्षरं वाच. नुसतं ‘बीवाय’ असेल तर श्रेय दिलं की पुरे. ‘एनसी’ असेल तर फिल्ममधून कमाई करायची नाही. ‘एनडी’ असेल तर हात लावू नकोस. पुष्कळांना वाटतं की तुकडा जसाच्या तसा वापरला तर चालेल, पण चित्राशी जुळवून लावणं हाच त्या परवान्यांच्या भाषेत बदल ठरतो. ‘एसए’ असेल तर तुझी फिल्मही त्याच परवान्यावर खुली करावी लागते. घेणारच असशील तर परवान्याच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेव, ही पानं रातोरात बदलतात. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतही पुष्कळ संगीत मिळतं, तिथे श्रेय द्यायचं की नाही ते प्रत्येक तुकड्यापुढे लिहिलेलं असतं.

हे सगळं जमलं, तरी माझा प्रश्न उरतोच: सहाणेवर पियानो आला कुठून? संथ पियानो ऐकला की मला विमा पॉलिसीच्या जाहिरातीतला म्हातारा दिसतो, खिडकीतून बाहेर बघणारा. तुझ्या देवाने असं काय केलंय?

आपल्याकडच्या शेवटांकडे जरा बघ. मैफल भैरवीने संपते, पण ती त्याच गवयाची असते, त्याच तंबोऱ्यावरची, तासन्‌तास तापलेल्या त्याच गळ्यातली. संगीत नाटकाचं भरतवाक्य त्याच नटमंडळींनी म्हणायचं. भजनाचा शेवटचा गजर त्याच टाळांवर होतो. शेवटाला बाहेरचा माणूस बोलवायची आपली रीत नाही. जे वाजत होतं तेच निवत निवत थांबतं. मोठ्या काकांना हे पटेल, त्यांनाच पुढे कर, भाऊ त्यांचं ऐकेल.

आणि निवत निवत थांबण्याचं काम तुझ्या फिल्ममध्ये आजोबांनी करून ठेवलंय. तू ते पुसायला काढलंयस.

तो तुकडा मी ऐकलेला नाही, पण पखवाज उतरवताना काय होतं ते ठाऊक आहे. डाव्या तोंडावर ओली कणीक थापलेली असते, तिच्या वजनाने तो खोल घुमारा येतो. वाजवून झालं की ती तशीच ठेवत नाहीत, वाळली तर कातडं खराब होतं. म्हणून रात्री कितीही उशीर झाला तरी म्हातारा माणूस मांडीवर पखवाज घेऊन नखाने, नाहीतर चमच्याच्या टोकाने कणीक खरवडत बसतो. मधे मधे सवयीने एखादी थाप मारतो. पहिली थाप घुमते. थोडी कणीक निघाली की दुसरी जरा चढी लागते. तिसरीत घुमारा ओसरलेला असतो. शेवटी उरते कोरड्या कातड्याची नुसती ‘टप्प’, मग कापडाची खसखस. वाद्य झोपी जातं ते असं, कानाला कळेल असं. पाच रात्री जागलेल्या गावाचा शिमगा उठला, हे याहून नेमकं कुठलं गाणं सांगणार? वर ते गुणगुणतही होते म्हणतेस.

चित्र हललंय ना? हलू दे. नावांच्या मागे काळा पडदाच असणार आहे. तुला त्या तुकड्याचा फक्त आवाज हवाय, आणि अंधारात आवाज हलत नाही.

तुकडा सत्तर सेकंदांचा, पट्टी ८९ची. वरचे १९ सेकंद कसे भरायचे? पखवाज लांबवायला तोच तुकडा पुन्हा जोडू नकोस, उतरत जाणारा सूर मधेच पुन्हा खोल झाला की सगळं ढोंग उघडं पडतं. शेवटून मागे लाव. शेवटची ‘टप्प’ शेवटचं नाव वर निघून जातं तिथे बसव, म्हणजे तुकड्याची सुरुवात आपोआप एकोणिसाव्या सेकंदाला येते. त्याआधी पालखी देवळात गेल्याच्या शेवटच्या शॉटचा आवाज तसाच चालू ठेव: घंटा, पांगणारी माणसं, कुणाला तरी मारलेली हाक. तो हळूहळू विरत जाऊ दे आणि त्यातून रातकिडे वर येऊ देत. पहिलं नाव यायच्या आधी दोन-तीन सेकंद नुसता काळोख ठेवलास तर आणखी बरं. लोकांना टाळ्या वाजवायला जागा लागते.

मोबाइलचा एक खोडसाळपणा सांगून ठेवतो. थाप मोठी पडली की मोबाइल आपणहून आवाज खाली ओढतो आणि मग हळूहळू वर सोडतो. त्यामुळे प्रत्येक थापेनंतर मागचे रातकिडे फुगतात, जणू रात्र धापा टाकतेय. त्याच रात्रीच्या दुसऱ्या एखाद्या तुकड्यात नुसती रात्र असेल, पंधरा-वीस सेकंदांची, कुणी न बोललेली. ती शोध, जोडून नव्वद सेकंदांची कर आणि सगळ्या पट्टीच्या खाली हलकेच पसर. फुगणं झाकलं जातं. आवाज ‘स्वच्छ’ करायचं बटण दाबू नकोस, रातकिडे जातील आणि आजोबा हौदात बसून गुणगुणल्यासारखे वाटतील. बरेच जण घरघर काढायला सरसकट १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतात. इथे ते करू नकोस, घुमारा तिथेच राहतो.

फिल्म मोबाइलवर ऐकशील तेव्हा तो घुमारा येणारच नाही, एवढ्याशा स्पीकरची ती ताकद नव्हे. घाबरून आवाज चढवू नकोस. कानात हेडफोन घालून ठरव. गावच्या साउंडवाल्याला आदल्या दिवशीच विचारून ठेव: कर्णे लावणार की बॉक्स? कर्ण्यांतून पखवाजाची नुसती टिचकी ऐकू येईल. कीर्तनाला कर्णे ठीक, तुला दोन बॉक्स लागतील. संध्याकाळी रिकाम्या सहाणेवर ती ८९ सेकंदं एकदा वाजवून बघ, आणि भावाला सगळ्यात मागे, आंब्याखाली नाहीतर जे काही झाड असेल त्याखाली उभं कर.

आता विचारायच्या दोन गोष्टी, आणि त्या आजोबांनाच विचारायच्या. ते काय गुणगुणत होते? जुनं पद असेल, भजनातली गावची चाल असेल तर प्रश्न मिटला. सिनेमाचं गाणं निघालं तर हसून घे आणि फक्त थापांचा आणि खरवडण्याचा भाग ठेव. हसण्यावारी नेऊ नकोस, कोकणात नमन-जाखडीसारख्या लोककलांतल्या गौळणींना, गाण्यांना सिनेमाच्या चाली सर्रास असतात आणि यूट्यूबचं यंत्र कधी कधी नुसती चालही ओळखतं. तुझ्या ३६ मिनिटांत अशी गौळण, नाहीतर मिरवणुकीच्या मागे कुणाच्या टेम्पोत वाजणारा स्पीकर असेल, तर क्लेम मधूनही येईल. फिल्म पुन्हा एकदा खासगी चढवून ते तपासून घे. आणि एखाद्या शाहिराने स्वतः रचलेलं पद फिल्ममध्ये असेल तर ते त्याचं आहे, त्याचं नाव शब्दांसाठी वेगळं घाल.

दुसरं म्हणजे परवानगी. आजोबांना आधी तुकडा ऐकव, मग विचार. ते आपल्याच नादात होते, वाजवत नव्हते, गात नव्हते; काही माणसांना तसं ऐकलं जाणं आवडत नाही. नको म्हणाले तर तिथेच सोड, मग काकांच्या नाट्यपदाची पेटी आहेच, बिनशब्दांची. हो म्हणाले तर दोन ओळींचा मराठी कागद कर आणि सही घे, एक प्रत त्यांच्याकडे ठेव. नारळ, विडा आणि पाकीट दे. घरचेच आहेत, त्यांना काय द्यायचं, असं म्हणू नकोस. ढोलवाल्यांना वर्गणीतून काहीतरी मिळालं असेल, आजोबांना कणीकही घरचीच आणावी लागली असेल.

नावांच्या क्रमावरून भांडण होणार आहे, त्याला माझ्याकडे औषध नाही. मानाप्रमाणे लावलीस तर दोन घरं बोलायची बंद होतील, वर्गणीप्रमाणे लावलीस तर चार. मी प्रत्येक शीर्षकाखाली अक्षरवारी लावतो आणि तसं वर लिहून टाकतो. यादी कागदावर छापून गावातल्या दोन जाणत्यांना दाखव. आडनावातली वेलांटी चुकली तर तुझी पुढची सात वर्षं त्यातच जातील. आजोबांचं नाव मात्र यादीत घालू नकोस. पट्टी संपली, शेवटची थाप पडली, कापडाची खसखस थांबली, की काळ्या पडद्यावर एकटं तेवढंच नाव तीन-चार सेकंद उभं ठेव, ‘अखेरचा पखवाज’ एवढं वर लिहून. त्याच्या खाली काहीही वाजवू नकोस. तिथे काय वाजेल ते सहाणेवरचे लोक बघून घेतील.

आज रात्रीच तो तुकडा मोबाइलवरून लॅपटॉपवर घे आणि आणखी एका पेनड्राइव्हवर ठेव. केबल लावून घे. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवू नकोस, आवाज दाबला जातो आणि पहिली खोल थाप त्यातच जाते. आणि उरलेल्या तुकड्यांमध्ये ती कुणी न बोललेली रात्र सापडते का बघ.